स्वयंसेवक जोडताना आणि टिकवताना: संस्थांसाठी सविस्तर मार्गदर्शक

‘आमच्याकडे स्वयंसेवक येत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या संस्थेने सर्वप्रथम आपल्या नोंदवहीतून दोन आकडे काढावेत: गेल्या वर्षभरात किती नव्या व्यक्तींनी नाव दिले, आणि त्यांपैकी किती जण सहा महिन्यांनंतरही येत होते. अनेकदा पहिला आकडा वाटला होता त्यापेक्षा मोठा निघतो आणि दुसरा मन खट्टू करतो. माणसे उत्साहाने येतात, दोन-चार वेळा इकडेतिकडे उभी राहतात, कोणी नेमके काम सांगत नाही म्हणून संकोचतात आणि हळूहळू येईनाशी होतात. संस्था मात्र त्यांच्या जाण्याचे कारण न विचारता नवे आवाहन लिहायला बसते. म्हणून या लेखाची सुरुवात आवाहनापासून केलेली नाही. माझ्या मते भरतीचे निम्मे काम आवाहन लिहिण्यापूर्वी आणि उरलेले निम्मे नवा माणूस आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात होते, आणि ज्या संस्था हे दोन टप्पे नीट सांभाळतात त्यांना मधल्या टप्प्यात फारशी धावपळ करावी लागत नाही.

पहिली पायरी: काम कागदावर उतरवणे

स्वयंसेवक कशासाठी हवेत हे संस्थेला एका वाक्यात सांगता आले पाहिजे, आणि ते वाक्य अनोळखी माणसालाही समजले पाहिजे. ‘ग्रंथालयात मदत हवी’ ही केवळ इच्छा झाली. ‘दर शनिवारी सकाळी दोन तास, परत आलेली पुस्तके नोंदवहीत उतरवून त्यांच्या जागी लावणे’ हे काम झाले. दुसरे वाक्य वाचणाऱ्याला आपल्याला हे जमेल का, तेवढा वेळ आपल्याकडे आहे का, हे घरी बसून शांतपणे ठरवता येते. पहिले वाक्य वाचणारा भारावून होकार देतो आणि पुढे अवघडून जातो.

प्रत्येक कामासाठी एका पानाचे टिपण तयार करावे. त्यात कामाचे स्वरूप, त्याचा उपयोग नेमका कोणाला होणार, आठवड्यातून किती वेळ आणि किमान किती महिने द्यावा लागेल, काम कुठे करायचे, काय शिकवले जाईल, अडचण आल्यास कोणाला विचारायचे आणि कोणती गोष्ट स्वयंसेवकाने स्वतःच्या अधिकारात करायची नाही, एवढे सारे साध्या शब्दांत असावे. यांतील शेवटचा मुद्दा सहसा राहून जातो. अंध विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून परीक्षेला बसणाऱ्याने विद्यार्थी जे सांगेल तेच लिहायचे, स्वतःच्या मनाने उत्तर सुधारायचे नाही, हे त्याला आधी सांगितलेले नसेल तर चांगल्या हेतूने केलेली मदतच त्या विद्यार्थ्याच्या मुळावर येऊ शकते.

टिपण लिहिताना काही कामे स्वयंसेवकांना देण्याजोगी नाहीत हेही लक्षात येईल, आणि ती बाजूला ठेवण्याचे धैर्य संस्थेने दाखवावे. एखाद्या वेतनावरील कर्मचाऱ्याला कमी करून त्याचे काम फुकट करून घेण्यासाठी स्वयंसेवक आणणे अन्यायाचे आहे. त्यातून कर्मचारी आणि स्वयंसेवक यांच्यात निर्माण होणारी अढी पुढे कित्येक वर्षे जात नाही. रोज ठरलेल्या वेळी झालेच पाहिजे आणि एक दिवस चुकले तरी कोणाच्या जिवावर बेतेल, असे कामही केवळ स्वयंसेवकांच्या भरवशावर सोडू नये. त्याचप्रमाणे, कोणालाच नको असलेली कंटाळवाणी कामे तेवढी गोळा करून ‘ही स्वयंसेवकांची’ असे ठरवणेही टाळावे. कंटाळवाणे काम करायला लोक तयार असतात. मात्र ते का आवश्यक आहे हे त्यांना सांगावे लागते आणि त्याच्या जोडीला थोडे अर्थपूर्ण, माणसांशी संबंध येणारे काम द्यावे लागते.

हे टिपण कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन लिहावे. ज्या कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून स्वयंसेवक काम करणार आहे त्याला ही व्यवस्था वरून लादलेली वाटली, तर तो तोंडाने विरोध करणार नाही, पण शिकवणारही नाही.

याच टप्प्यावर कामांचे लहान-मोठे आकार करून ठेवावेत. एका दिवसाचे काम, महिन्यातून दोन तासांचे काम, घरून संगणकावर करता येणारे काम आणि वर्षभर जबाबदारी घेण्याचे काम असे प्रकार उपलब्ध असले, तर नोकरदार, निवृत्त, विद्यार्थी, लहान मुलांचे पालक किंवा चालण्याफिरण्यास मर्यादा असलेली व्यक्ती अशा सर्वांना आपापल्या परीने शिरता येते. संस्थेशी वर्षानुवर्षे जोडलेल्या अनेक माणसांची सुरुवात एका दिवसाच्या कामाने झालेली असते.

दुसरी पायरी: जबाबदार माणूस आणि खर्चाची तरतूद

‘स्वयंसेवकांकडे आम्ही सगळेच लक्ष देतो’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ कोणीच लक्ष देत नाही असा होतो. समन्वयक म्हणून एका व्यक्तीचे नाव ठरवावे, तिच्या आठवड्यातील ठरावीक तास याच कामासाठी राखून ठेवावेत, आणि वेळापत्रक बदलणे, छोटा खर्च मंजूर करणे किंवा एखाद्याला दुसऱ्या कामावर हलवणे एवढे अधिकार तिला द्यावेत. संस्था लहान असेल तर हा समन्वयक स्वतःही स्वयंसेवक असू शकतो. मात्र सुटीच्या काळात त्याची जागा कोण घेणार हे ठरलेले असावे.

स्वयंसेवक वेतन घेत नाहीत, तरीही त्यांच्यावर खर्च होतो. प्रवासखर्चाची भरपाई, ओळखपत्र, प्रशिक्षणाचे साहित्य, कामाला लागणारे हातमोजे किंवा वह्या, आणि धोक्याच्या कामासाठी विमा यांची तरतूद वार्षिक अंदाजपत्रकात वेगळ्या नावाने करावी. ही तरतूद नसली की प्रवासखर्च परवडणारेच टिकतात, आणि ज्या वस्तीसाठी संस्था काम करते त्याच वस्तीतील माणसे स्वयंसेवक म्हणून येऊ शकत नाहीत.

तिसरी पायरी: आवाहन आणि थेट विचारणा

माणसे का येतात हे समजल्याशिवाय त्यांना काय सांगावे हे कळत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवेमागील प्रेरणांचे सहा प्रकार मांडले: आपल्या मूल्यांप्रमाणे वागण्याची इच्छा, नवे शिकण्याची व समजून घेण्याची ओढ, आपल्या माणसांच्या सोबतीची व त्यांच्या अपेक्षेची जाणीव, नोकरी-व्यवसायाला उपयोगी पडणारा अनुभव, स्वतःच्या दुःखातून किंवा अपराधी भावनेतून सावरणे, आणि आत्मविश्वास वाढवणे. एकाच माणसात यांतील दोन-तीन प्रेरणा एकत्र नांदतात. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याच्या फंदात संस्थेने पडू नये. अनुभवाचे प्रमाणपत्र हवे म्हणून आलेली विद्यार्थिनी आणि जोडीदाराच्या निधनानंतर रिकामी संध्याकाळ सोसवत नाही म्हणून आलेले गृहस्थ, दोघेही मनापासून काम करू शकतात. त्यांना देण्याचे काम आणि त्यांच्याशी बोलण्याची भाषा मात्र वेगळी असावी लागते.

महाविद्यालयाने ठरवून दिलेले तास भरण्यासाठी येणाऱ्यांचा विचार थोडा स्वतंत्रपणे करावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ च्या आपल्या मार्गदर्शिकेत स्वयंसेवेची व्याख्या करताना ‘विनामोबदला’ या अटीच्या जोडीला ‘सक्तीविना’ ही अटही ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे. सक्तीने आलेल्या विद्यार्थ्याला कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु तास संपले की तो जाणार हे गृहीत धरून त्याला पूर्ण होऊ शकेल असे छोटे काम द्यावे. त्यातून स्वेच्छेने थांबणारे काही जण निघतातच.

सूचनाफलकावर किंवा समूहसंदेशात टाकलेल्या आवाहनाची मर्यादा ओळखून असावे. मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, मदतीची गरज अनेकांना एकाच वेळी कळली असे माणसाला वाटले की त्याची स्वतःची जबाबदारी विरळ होते आणि तो पुढे होण्याची शक्यता घटते. ते प्रयोग आणीबाणीच्या प्रसंगांविषयी होते, तरी दोनशे जणांच्या समूहात ‘कोणी येऊ शकेल का?’ असा संदेश टाकून उत्तराची वाट पाहिलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला आहे. त्यापेक्षा, सध्याच्या स्वयंसेवकाने आपल्या ओळखीच्या एका माणसाला समोर बसून ‘तुमचे अक्षर चांगले आहे आणि तुम्ही शांतपणे ऐकता, आमच्या मदतकक्षात बुधवारची संध्याकाळ सांभाळाल का?’ असे विचारणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरते. या विचारण्यात माणूस निवडलेला असतो, निवडीचे कारण सांगितलेले असते आणि कामाची मर्यादाही स्पष्ट असते.

तोंडी विचारणेवरच विसंबले तर मात्र संस्थेत एकाच वर्तुळातील, एकाच वयाची आणि एकाच विचाराची माणसे साठत जातात. म्हणून वर्षातून एक-दोन वेळा खुले आवाहन जरूर करावे, आणि ते आपण एरवी जिथे पोहोचत नाही अशा ठिकाणी जाऊन करावे. आवाहनात भावनेला हात घालणारी लांबलचक प्रस्तावना न लिहिता पहिल्या तीन ओळींत काम, वेळ, ठिकाण आणि संपर्काची रीत यावी. नाव कळवणाऱ्याला दोन दिवसांच्या आत उत्तर गेलेच पाहिजे. जागा रिकामी नसली तरी तसे कळवावे आणि पुन्हा केव्हा संपर्क साधू ते सांगावे. उत्तर देण्यासाठी माणूस मोकळा नसेल, तर आवाहनच पुढे ढकलावे.

चौथी पायरी: पहिली भेट, पडताळणी आणि नकार

नाव देणाऱ्या प्रत्येकाशी अर्धा तास प्रत्यक्ष बोलावे. ही परीक्षा नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना पाहण्याची ती संधी आहे. त्यांना काय करायला आवडते, काय मुळीच करायचे नाही, पूर्वी कुठे असे काम केले असेल तर ते का थांबले, आठवड्यातील कोणता वेळ खरोखर मोकळा असतो, आणि सहा महिन्यांनी या कामातून आपल्याला काय मिळालेले असावे असे वाटते, हे प्रश्न विचारावेत. पूर्वीचे काम का थांबले याच्या उत्तरातून संस्थेलाच सर्वाधिक शिकायला मिळते. आपल्या बाजूनेही कामातील कष्टाचा भाग लपवू नये. रुग्णालयाच्या मदतकक्षात लोक ओरडतात, हे पहिल्या भेटीतच सांगितलेले बरे.

मुले, वृद्ध, आजारी किंवा परावलंबी व्यक्तींशी संबंध येणार असेल, तर ओळखीची कागदपत्रे, दोन परिचितांकडून प्रत्यक्ष बोलून घेतलेली माहिती आणि त्या त्या देशाच्या कायद्याने आवश्यक ठरवलेली पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. मुलांसोबत कोणीही प्रौढ एकटा, इतरांच्या नजरेआड राहणार नाही, हा नियम विश्वस्तांपासून नव्या स्वयंसेवकापर्यंत सर्वांना सारखाच लागू असावा. नियम सर्वांना लागू असला की कोणाला तो अविश्वास वाटत नाही. पैशांचे व्यवहार एकाच्या हाती न देता दोघांच्या सहीने व्हावेत. गोळा केलेली वैयक्तिक माहिती कुलपात ठेवावी आणि गरजेपुरतीच घ्यावी.

प्रत्येकाला घेतलेच पाहिजे असे नाही. नकार देणे जिवावर येते, म्हणून अनेक संस्था अयोग्य व्यक्तीला कुठेतरी बसवून देतात आणि त्याची किंमत ज्यांच्यासाठी काम चालते त्यांना मोजावी लागते. ‘या कामासाठी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येणे अनिवार्य आहे आणि तुमच्या वेळेत ते बसत नाही’ असे कामाशी निगडित कारण स्पष्टपणे सांगावे, आणि दुसरे जमण्यासारखे काम असेल तर ते सुचवावे.

पाचवी पायरी: पहिले तीस दिवस

माझ्या पाहण्यात सर्वाधिक गळती याच काळात होते, आणि तिची कारणे बहुधा अगदी साधी असतात. एका संस्थेत मी पहिल्याच दिवशी सांगितलेल्या वेळेला पोहोचलो, तेव्हा मी येणार आहे हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. वीस मिनिटे बाकावर बसल्यानंतर मला काही कागद क्रमाने लावायला देण्यात आले, आणि ते कागद कशाचे होते हे निघेपर्यंत कळले नाही. कोणीही माझ्याशी वाईट वागले नव्हते, तरी मी पुन्हा गेलो नाही.

पहिल्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी पूर्ण व्हावी. येणाऱ्याचे नाव सर्वांना कळवलेले असावे, बसण्याची जागा, ओळखपत्र आणि साहित्य तयार असावे, आणि स्वागताला समन्वयक स्वतः हजर असावा. पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, पादत्राणे कुठे काढायची, कर्मचाऱ्यांना कोणत्या नावाने हाक मारायची, या बारीक गोष्टी आपणहून सांगाव्यात, कारण नवा माणूस त्या विचारायला संकोचतो. त्यानंतर संस्थेचा इतिहास सांगण्यात तासभर घालवण्याऐवजी पंधरा मिनिटांत कामाचा उद्देश सांगून त्याच दिवशी पूर्ण होईल असे एक खरे काम हाती द्यावे. निघताना ‘आज माझ्यामुळे अमुक एक गोष्ट झाली’ असे त्याला वाटले पाहिजे.

पहिल्या तीन-चार वेळांसाठी एक अनुभवी स्वयंसेवक सोबती म्हणून द्यावा. प्रथम नव्या माणसाने पाहावे, नंतर दोघांनी मिळून करावे, मग नव्या माणसाने करावे आणि सोबत्याने पाहावे, आणि त्यानंतरच एकट्यावर सोपवावे. हा क्रम घाईत मोडला जातो आणि चुकीचे खापर नव्या माणसावर फुटते. सोबती निवडताना सर्वांत जुना माणूस शोधण्यापेक्षा समजावून सांगण्याची आवड असलेला माणूस शोधावा. या दोन गोष्टी एकत्र असतातच असे नाही.

दुसऱ्या खेपेनंतर समन्वयकाने फोन करावा, आणि तिसाव्या दिवसाच्या आसपास समोर बसून बोलावे. ‘सगळे ठीक ना?’ असे विचारले तर ‘हो’ एवढेच उत्तर येते. म्हणून ‘कोणत्या वेळी काय करावे ते कळले नाही?’, ‘काम सांगितल्यापेक्षा वेगळे निघाले का?’ असे नेमके विचारावे. काम पसंत नसेल तर मन न दुखावता बदलण्याची किंवा थांबण्याची मोकळीक याच भेटीत द्यावी.

सहावी पायरी: चालू कामातील साथ

स्थिरावलेल्या स्वयंसेवकाकडे दुर्लक्ष होते, कारण तो तक्रार करत नाही. अशा प्रत्येकाशी तीन महिन्यांतून एकदा तरी निवांत बोलणे समन्वयकाच्या दिनदर्शिकेत लिहिलेले असावे. जबाबदारी वाढवायची असेल तर विचारून वाढवावी. जो नेहमी होकार देतो त्याच्याच खांद्यावर सगळे येत राहते आणि शेवटी तोच आधी थकतो. ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ असे घरच्यांकडून ऐकून घेत तो येत असतो, हे संस्थेने विसरू नये. सलग अनेक महिने काम करणाऱ्याला ठरवून विश्रांतीचा महिना द्यावा आणि त्या काळात त्याला एकही संदेश जाऊ नये.

दुःखाशी रोज सामना होणारी कामे, म्हणजे मदतवाहिनी, रुग्णसेवा किंवा आपत्तीतील मदतकार्य, यांत कामाची पाळी संपल्यावर लगेच घरी न पाठवता दहा-पंधरा मिनिटे बोलून मन मोकळे करण्याची सोय असावी. ही सोय ऐच्छिक ठेवली की ज्यांना तिची सर्वाधिक गरज असते तेच ती टाळतात. म्हणून पाळी उतरवून देण्याच्या कामाचाच तो भाग करावा.

पैशांविषयी संस्थेचे धोरण निःसंदिग्ध असावे. रेड क्रॉस व रेड क्रिसेंट चळवळीने १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे जाहीर केलेल्या सात मूलभूत तत्त्वांमध्ये लाभाच्या इच्छेविना केलेली स्वेच्छासेवा हे एक तत्त्व आहे. झालेला खर्च परत देणे या तत्त्वाच्या विरोधात जात नाही. अडचण होते ती मानधनाच्या नावाखाली किरकोळ रक्कम हातावर ठेवण्याने. अर्थशास्त्रज्ञ उरी नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामाजिक कामासाठी घरोघरी देणग्या गोळा करणाऱ्या शाळकरी विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला काहीच मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का आणि तिसऱ्याला १० टक्के रक्कम वेगळ्या निधीतून मिळणार होती. सर्वांत जास्त देणग्या मोबदला नसलेल्या गटाने जमवल्या आणि सर्वांत कमी १ टक्का मिळणाऱ्यांनी. थोडक्या पैशाने सेवेची मजुरी होते, आणि मजुरी म्हणून ती अपुरी वाटते. काम खरोखर वेतनाचे असेल तर पूर्ण वेतन द्यावे. ते स्वयंसेवेचे असेल तर खर्च तत्परतेने, पावती देताच, परत करावा आणि त्यासाठी कोणालाही दोनदा मागायला लावू नये.

कौतुकाचेही तसेच आहे. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून पाळण्याचे आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये केले, आणि त्या दिवशी शाल-श्रीफळ व प्रमाणपत्र देण्यास हरकत नाही. पण वर्षातून एकदा सर्वांना सारख्याच शब्दांत मानलेले आभार फारसे लक्षात राहत नाहीत. ‘गेल्या मंगळवारी ती मुलगी घाबरली होती तेव्हा तुम्ही तिच्याशेजारी शांत बसून राहिलात, त्यामुळे ती परीक्षेला बसू शकली’ हे वाक्य त्याच आठवड्यात सांगितले तर माणूस ते वर्षानुवर्षे जपतो. त्याहून मोठा सन्मान म्हणजे निर्णयात घेणे. कामाचे वेळापत्रक, नियम किंवा नवा उपक्रम ठरवताना स्वयंसेवकांचे म्हणणे आधी विचारावे, आणि ते मान्य झाले नाही तर का झाले नाही हे त्यांना कळवावे.

सातवी पायरी: चुका, तक्रारी आणि निरोप

‘बिचारे फुकट काम करतात, त्यांना काय बोलणार’ या भिडेपोटी चूक पोटात घालणे अखेरीस सर्वांनाच महागात पडते. वेळ न पाळणे, गोपनीय गोष्ट बाहेर बोलणे किंवा लाभार्थ्याला कमीपणा देणे याबद्दल स्वयंसेवकाशी लवकर, एकांतात आणि घडलेल्या प्रसंगाचा नेमका उल्लेख करून बोलावे. पहिल्यांदा कारण समजून घ्यावे, कारण अनेकदा चूक प्रशिक्षणातील उणिवेची असते. तरीही बदल होत नसेल तर काम बदलावे, आणि तेही जमले नाही तर थांबण्यास सांगावे. गैरवर्तन किंवा कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर मात्र वाट न पाहता त्याच क्षणी काम थांबवून नियमानुसार चौकशी करावी आणि आवश्यक तेथे अधिकाऱ्यांना कळवावे. उलट दिशेने, स्वयंसेवकाला समन्वयकाविरुद्ध तक्रार करायची झाल्यास ती कोणाकडे करावी हेही पहिल्या दिवशीच्या टिपणात लिहिलेले असावे.

जाणारा स्वयंसेवक हा बहुतेक संस्थांत नुसता गळून पडतो. त्याऐवजी शेवटची भेट ठरवावी, हातातील काम दुसऱ्याला समजावून देण्यासाठी वेळ द्यावा, केलेल्या कामाचे व तासांचे पत्र स्वतःहून द्यावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: कोणत्या गोष्टीमुळे येथे थांबावेसे वाटले, आणि कोणत्या गोष्टीमुळे जावेसे वाटले. ही उत्तरे नावाशिवाय एका वहीत लिहीत जावीत आणि पुढच्या कामाचे टिपण लिहायला बसण्याआधी ती वही उघडावी. सहा महिन्यांनी अशा प्रत्येकाला एकदा फोन करून विचारपूस करावी. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, आजारपण सरलेले असते, आणि काम माहीत असलेला माणूस पुन्हा येण्यास तयार होतो.